गोदीत पहिल्यांदा उतरणाऱ्या बडोदेकरासाठी: जहाजाचा गंज आणि बुडाला चिकटणारे जीव

ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं आणि ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत उभं राहिलं, हे आज बडोद्याच्या मराठी घरांत फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. "आपल्याकडे समुद्र कुठे? जहाजाचं काम आपलं नव्हे," असं दांडिया बाजारातले आजोबाही सांगतात आणि शेजारचे काकाही. तरी डिप्लोमा झालेली, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत टाक्या-पाइपांच्या रंगकामावर हात बसलेली मुलं दहेज, पिपावाव, मुंबईकडे पोहोचतातच. हा लेख त्यांच्यासाठी. रंग तपासनीस, ज्युनिअर इंजिनिअर किंवा जहाजावरचा कॅडेट म्हणून पहिल्यांदा ड्राय डॉकमध्ये, म्हणजे जहाज आत घेऊन पाणी काढून टाकलेल्या कोरड्या गोदीत, उतरणार असाल तर काय पाहायचं, कशाच्या आधी काय करायचं आणि कुठे अजिबात घाई करायची नाही, एवढं यात आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करा. गंज हा एक विषय आणि बुडाला चिकटणारे शेवाळ-बार्नेकल (बार्नेकल म्हणजे कडक कवचाचा, एका जागी चिकटून राहणारा समुद्री जीव) हा दुसरा, अशी वाटणी पुस्तकात असते. जहाजाच्या बुडावर ती टिकत नाही. एकाचा बंदोबस्त करताना दुसऱ्याला दार उघडलं जातं, आणि हे अडीचशे वर्षांपासून चालत आलेलं आहे.

ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या लाकडी फ्रिगेटच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड पोखरणारे जीव आणि शेवाळ दोन्हींना त्याने आळा बसला, कारण तांबं समुद्रात अगदी थोडंथोडं विरघळतं आणि ते या जीवांना विषारी असतं. पण पत्रा ज्या लोखंडी खिळ्यांनी बसवला होता, ते तांब्याच्या शेजाराने खाऊन गेले. जिथे मध्ये तपकिरी कागद राहिला होता तिथले खिळे शाबूत सापडले. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने उलट बाजूने विचार केला: तांब्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडले तर झीज त्या तुकड्यांची होईल, तांबं वाचेल. तांबं वाचलंच. मात्र ते विरघळायचं थांबलं तसं विषही थांबलं, आणि बुडावर जीव दाटले. नौदलाने ती योजना गुंडाळली. आज जहाजाच्या बुडाला जी जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची ढेकळं वेल्ड केलेली दिसतात ती डेव्हीचीच कल्पना, फक्त आता तांब्याऐवजी पोलादासाठी.

घरीच करून पाहा: खिळा, मीठ, तांब्याची तार

गोदीत जाण्याआधी एक शनिवार-रविवार स्वयंपाकघराच्या ओट्यावर घाला. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या खारटपणाइतकं. साधे लोखंडी खिळे घ्या आणि पॉलिश पेपरने चकचकीत घासा. चार ग्लास मांडा. पहिल्यात नुसता खिळा. दुसऱ्यात तांब्याची तार घट्ट गुंडाळलेला. तिसऱ्यात जीआय तार गुंडाळलेला. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. चौथ्यात तांब्याची तार गुंडाळायचीच, पण खिळ्याच्या उघड्या भागाला आधी नेलपॉलिश फासून, वाळल्यावर सुईने एकच ओरखडा काढायचा.

दोन दिवसांत दुसऱ्या ग्लासातला खिळा पहिल्यापेक्षा जास्त तांबडा झालेला दिसेल, तिसऱ्यातला जवळजवळ स्वच्छ. चौथा नीट पाहा, कारण गोदीतलं निम्मं शहाणपण त्यात आहे. गंजायला जागा एवढीशी आणि शेजारी तांबं भरपूर, म्हणून सगळी झीज त्या ओरखड्यात एकवटते आणि तिथे खोल खड्डा पडत जातो. मोठा चांगला रंगलेला पत्रा, त्यावर एक छोटी जखम आणि मागे कांस्याचा भला मोठा पंखा (प्रोपेलर) असलं की जहाजावर हेच होतं.

मल्टिमीटर असेल तर मिठाच्या पाण्यात खिळा आणि जीआय तार एकमेकांना न चिकटवता ठेवा आणि व्होल्टेज मोजा. साधारण ०.४ व्होल्टच्या आसपास आकडा येतो. हाच आकडा जहाज वाचवतो. आणखी हौस असेल तर फालुद्याला वापरतात तो चायना ग्रास मिठाच्या पाण्यात उकळून त्यात चिमूटभर हळद घाला आणि तांब्याची तार गुंडाळलेला खिळा त्यात जमू द्या. तांब्याच्या बाजूला हळद लालसर होते, कारण तिथे अल्कली तयार होते. झीज एका जागी, अल्कली दुसऱ्या जागी, आणि दोन्हींच्या मध्ये धातूतून धावणारी वीज. गंज म्हणजे हे छोटं विजेचं मंडळच. त्याला चार गोष्टी लागतात: झिजणारी जागा, न झिजणारी जागा, दोघांना जोडणारा धातू आणि दोघांना भिजवणारं खारं पाणी. यातली एक जरी तोडली तरी गंज थांबतो. रंग पाणी तोडतो, जस्त झिजण्याची जागा बदलतं. बाकी सगळे उपाय याच्याच आवृत्त्या.

उघडं पोलाद समुद्रात बुडून राहिलं तर वर्षाला सरासरी ०.१ मिलिमीटरच्या आसपास झिजतं. लाटांचे शिंतोडे उडत राहतात त्या पट्ट्यात झीज याच्या कितीतरी पट होते, कारण तिथे मीठही असतं आणि हवाही मुबलक. सरासरीवर मात्र विसंबू नका. जहाज बुडतं ते खड्ड्याने, सरासरीने नाही.

बुडावर जीव कसे चढतात

स्वच्छ पत्रा पाण्यात गेला की काही मिनिटांतच त्यावर पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचा न दिसणारा थर बसतो. तासाभरात जिवाणू, मग डायटम (डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ). बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं ते हेच. गोदीत याला 'स्लाइम' म्हणतात. त्यानंतर हिरव्या शेवाळाचे बीजाणू, बार्नेकलच्या अळ्या, नळीतले किडे, शिंपले. क्रम दर वेळी अगदी हाच असतो असं नाही, पण स्लाइम हा टप्पा स्वस्तात निपटता येतो आणि बार्नेकल हा महागात, एवढं नक्की.

बार्नेकलची अळी बसायला जागा शोधत पत्र्यावर अक्षरशः चालते, पसंत पडली की डोकं खाली करून सिमेंट सोडते आणि जन्मभरासाठी तिथेच राहते. जहाज वेगात असताना तिला हे जमत नाही. म्हणून जीववाढीचं खरं कारण प्रवास नसून थांबणं आहे. अरबी समुद्राच्या कोमट पाण्यात नांगरावर दोन-तीन आठवडे उभं राहिलेलं जहाज, वर्षभर धावलेल्या जहाजापेक्षा घाण निघू शकतं. खंबातच्या आखातात आणखी एक गंमत आहे. तिथे भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या घरात जातो, प्रवाह जोरदार आणि पाणी गाळाने भरलेलं. उजेड आत पोहोचत नाही म्हणून शेवाळाला ते फार मानवत नाही, पण बार्नेकलला उजेड लागतच नाही. वर गाळ रंगाला घासत राहतो तो वेगळाच.

एवढ्याशा जीवांनी काय बिघडतं? पत्रा खडबडीत झाला की पाणी ओढून धरतं. अमेरिकन नौदलाच्या फ्रिगेटवर केलेल्या एका हिशेबात, बुडावर जाड शंखवर्गीय थर असेल तर तोच वेग राखायला ८० टक्क्यांहून जास्त वाढीव शक्ती लागते असं निघालं. इंधनाचं बिल देणारा मालक म्हणूनच गंजापेक्षा बार्नेकलला जास्त घाबरतो. गंज पुढच्या मालकाच्या वाट्याला जाऊ शकतो, इंधन याच महिन्यात भरावं लागतं. हे तुम्ही ध्यानात ठेवा, कारण गोदीत पैसे कुठे खर्च होणार याचे वाद याच मुद्द्यावर होतात आणि तुमच्या वाट्याचं ब्लास्टिंग (कणांचा जोरदार मारा करून पत्र्यावरचा गंज आणि जुना रंग काढणं) तिथेच कापलं जातं.

जाण्याआधीचे कागद

मागच्या गोदीचा अहवाल, रंगाची स्कीम, किती दिवस आणि कुठे थांबलं त्याची नोंद, आणि जीववाढीची नोंदवही. एवढं मागून घ्या. मालवाहू जहाजाचं बूड पाच वर्षांत दोनदा तपासावं लागतं आणि दोन तपासण्यांमध्ये ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही; त्यातली एक तपासणी काही जहाजांना पाण्यातच, पाणबुड्याकडून करून घेता येते. म्हणजे तुमच्या हातून होणारं काम पुढची अडीच वर्षं, कधी पाच वर्षं, कुणीही कोरडं पाहणार नाही.

पाणी उतरतं तो पहिला तास

नवखा माणूस इथेच चुकतो. डॉकचं पाणी उतरत असतं, कंत्राटदाराची माणसं हाय प्रेशरचे पंप घेऊन तयार असतात, आणि धुणं झाल्यावर स्वच्छ बुडाचे छान फोटो काढू असा विचार होतो. धुतलं की पुरावा गेला. पाणी उतरता उतरताच फिरा.

पुढून मागे, एक बाजू, मग दुसरी. बाजूचा उभा भाग, पाणरेषेचा पट्टा, सपाट तळ, बिल्ज कील (डोलणं कमी करणारी बाजूची पट्टी), सुकाणू, सी चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या कप्प्याच्या) जाळ्या, बो थ्रस्टरचं (पुढच्या आडव्या पंख्याचं) भोक. प्रत्येक ठिकाणी काय चिकटलंय आणि साधारण किती टक्के जागेवर, ते लिहा. पाणरेषेजवळ हिरवं असणं साहजिक, तिथे ऊन पोहोचतं. सपाट तळावर अंधार, तिथे बार्नेकल आणि नळीतले किडे. तळावर चौकोनी ठिपक्यांसारखी जीववाढ दिसली तर ती मागच्या गोदीतल्या ब्लॉकची जागा: जहाज ज्या लाकडी ठोकळ्यांवर बसलं होतं तिथे रंगच लागला नव्हता. या वेळी ब्लॉकची जागा सरकवली आहे ना, हे लगेच पाहा. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसलं तर जहाज धक्क्याला कोणत्या बाजूने लागून राहिलं होतं ते विचारा. उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

आता दोन्ही विषय एकत्र पाहायची सवय. बार्नेकल खरवडून काढा आणि त्याच्या पांढऱ्या चकतीखाली काय आहे ते बघा. रंग शाबूत असेल तर ठीक. पण कधी कधी बार्नेकलची कड वाढता वाढता रंगात घुसते आणि खाली काळं, ओलं पोलाद निघतं. मेलेल्या बार्नेकलखाली हवा पोहोचत नाही, तिथे सल्फेट खाणारे जिवाणू वाढतात. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि गंज काळा, खाली धातू चकाकता दिसला तर त्यांचीच करणी समजा. अशा जागेवर खडूने वर्तुळ करा, नुसतं धुऊन रंग मारू देऊ नका.

जस्ताची ढेकळंही याच फेरीत पहा. निम्म्याहून जास्त झिजली असतील तर ती काम करत होती. अडीच वर्षांनी नवी कोरी दिसत असतील तर आनंद मानू नका: कुणीतरी त्यांच्यावर रंग मारलाय, नाहीतर वेल्ड तुटून पोलादाशी संपर्क गेलाय. त्यांच्या आसपासच्या पत्र्याचा रंग फुगून निघाला असेल तर उलट बाजू, संरक्षण गरजेपेक्षा जास्त झालंय.

टाकीत उतरायचं असेल तर इथे थांबा

बॅलास्ट टाकी (तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात ती), व्हॉइड स्पेस (रिकामी बंद जागा), सुकाणूच्या आतली पोकळी. या बंद जागांमध्ये गंज फक्त पोलाद खात नाही, हवेतला प्राणवायूही खातो. महिनोन्महिने झाकण बंद असलेल्या टाकीत वास येत नाही, धूर दिसत नाही, आणि माणूस शिडीच्या चौथ्या पायरीवर बेशुद्ध होतो. त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. जहाजांवरचे असे मृत्यू दरवर्षी होतात आणि त्यांत मदतीला गेलेल्यांची संख्या मोठी असते.

म्हणून: हवा खेळवल्यावर मीटरने तपासणी, वर, मध्ये आणि तळाशी. प्राणवायू बाहेरच्या हवेइतका, म्हणजे २१ टक्क्यांच्या आसपास हवा. थोडा कमी म्हणजे 'चालेल' असं नाही, तो कुठे गेला ते शोधायचं. ज्वलनशील वायू आणि हायड्रोजन सल्फाइडही मोजायचे. लेखी परमिट, झाकणापाशी उभा असलेला माणूस, बोलायचं साधन. फोरमन म्हणेल, "अरे भाई, दो मिनट का काम है." नाही म्हणायचं. पहिल्या आठवड्यात नाही म्हणता आलं तर पुढे सोपं जातं.

आत पोहोचल्यावर टाकीच्या रंगाला तीन दर्जे असतात: गुड, फेअर, पुअर. थोडे तुरळक ठिपके असले तर गुड. कडा आणि वेल्डवर रंग गेला असेल, किंवा हलका गंज २० टक्के किंवा त्याहून जास्त जागेवर असेल तर फेअर. रंग सर्रास २० टक्क्यांवर गेला असेल किंवा कडक पापुद्र्यांचा गंज १० टक्क्यांवर असेल तर पुअर. क्लासचा, म्हणजे जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थेचा, सर्व्हेअर याच भाषेत बोलतो. आपल्याकडे बहुधा इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचा माणूस असेल, नाहीतर परदेशी संस्थेचा. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने घेतात. मूळ जाडीच्या किती टक्के झीज चालते हे जागेनुसार बदलतं आणि क्लासच्या नियमात दिलेलं असतं. गंजाच्या पापुद्र्यावरून मीटर लावू नका, चिपिंग हातोड्याने आधी तो काढा. पोलादाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जाड फुगतो, म्हणून पापुद्रा भयंकर दिसला तरी आत बरंच शिल्लक असू शकतं. बारीक खोल खड्डा मात्र दिसायला निरुपद्रवी असतो.

डबा उघडण्याआधी

माझं मत विचाराल तर रंगाच्या कंपनीवर जितकी चर्चा होते तिच्या दहाव्या हिश्शानेही पत्र्याच्या तयारीवर होत नाही, आणि रंग निघतो तो जवळजवळ नेहमी तयारीमुळे.

पहिलं, गोड्या पाण्याने हाय प्रेशर धुणं. मीठ आणि स्लाइम दोन्ही जायला हवेत. ब्लास्टिंग मीठ काढतं असा समज आहे. बऱ्याचदा ते मीठ खड्ड्यांत ठोकून बसवतं. मिठाची तपासणी ब्रेसल पद्धतीने होते: पत्र्यावर छोटा चिकट कप्पा लावायचा, त्यात सुईने शुद्ध पाणी सोडायचं, काढून घ्यायचं आणि त्याची विद्युतवाहकता किती वाढली ते मोजायचं. नव्या जहाजाच्या बॅलास्ट टाक्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ मध्ये केलेल्या नियमात मर्यादा आहे दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम, सोडियम क्लोराइड धरून. त्याच नियमात कडांवर आणि वेल्डवर ब्रशने दोन जादा हात, आणि सुकल्यावर एकूण ३२० मायक्रॉन जाडी सांगितली आहे, लक्ष्य १५ वर्षांचं. जुन्या बुडाला तो नियम बांधील नाही, पण मिठाचा आकडा डोळ्यांपुढे ठेवायला चांगला. मीठ रंगाखाली राहिलं की ते रंगातून पाणी आत ओढतं आणि काही महिन्यांत तळलेल्या पापडासारखे फोड येतात.

ब्लास्टिंगचे दर्जे आयएसओ ८५०१-१ मध्ये चित्रांसकट आहेत. बुडाच्या कामाला बहुधा 'एसए अडीच' मागतात: जवळजवळ पांढरा धातू, फार तर पुसट डाग. हाताच्या किंवा मशीनच्या ब्रशने केलेल्या कामाचे दर्जे 'एसटी २' आणि 'एसटी ३'. कंत्राटात एसए अडीच लिहिलेलं असतं आणि संध्याकाळी पाच वाजता एसटी २ दाखवलं जातं. चित्रांचं पुस्तक बगलेत ठेवा, वाद कमी होतो. नव्या पोलादावरचा निळसर काळा मिल स्केल दिसायला सुंदर असतो, पण तो पोलादाला तुमच्या चौथ्या ग्लासातल्या तांब्यासारखा वागतो. एक तुकडाही ठेवू नका.

मग हवामान. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. पावसाळ्यात किनाऱ्यावर हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ च्या थोडा वर येतो. पत्रा ३० च्या वर गेला तरच काम. पहाटे पत्रा हवेपेक्षा थंड असतो, म्हणून सकाळी सातचा रंग हा बहुतेक वेळा ओल्यावरचा रंग. डिसेंबरात हवा २५ आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १४ वर, निवांत दिवसभर मारा. बडोद्याच्या सवयीने 'ऊन आहे म्हणजे कोरडं आहे' असं धरू नका. उन्हातली बाजू आणि सावलीतला तळ, दोन वेगवेगळी हवामानं असतात. पत्र्याला मॅग्नेटचा थर्मामीटर लावून दोन्हीकडे वेगळं मोजा आणि वेळेसकट लिहा.

थर

बुडाच्या रंगात आधी गंज रोखणारा इपॉक्सी, मग जोडणारा थर, वर जीवरोधक रंग. जीवरोधक रंग गंज रोखत नाही. त्यात बहुधा तांब्याचं ऑक्साइड असतं, आणि उघड्या पोलादावर तो थेट लागला तर तुम्ही 'अलार्म'चे खिळे नव्याने बनवता. ॲल्युमिनियमच्या बोटीवर तर तांब्याचा रंग लावायचाच नाही.

ओला थर किती मारायचा याचा हिशेब पाठ करा. सुकून १२५ मायक्रॉन हवेत आणि डब्यावर घनभाग ८० टक्के लिहिलाय, तर १२५ भागिले ०.८, म्हणजे सुमारे १५६ मायक्रॉन ओला. थिनर घातला की हा आकडा वाढतो; ५ टक्के घातला तर १६४. दातेरी पट्टीने ओला असतानाच मोजा, सुकल्यावर मीटरने मोजून भांडण्यात अर्थ नाही. दोन थरांमधलं कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर डेटाशीटवर असतं. इपॉक्सी जास्त दिवस उघडा राहिला तर पुढचा थर त्याला धरत नाही. गोदीत पाऊस आला, काम चार दिवस पुढे गेलं, की हाच घोळ होतो.

जीवरोधक रंगांत तीन वाटा आहेत. पहिली, स्वतः झिजत जाणारा तांब्याचा रंग; पाण्याच्या घर्षणाने वरचा थर जातो आणि नवा उघडा पडतो. दुसरी, सिलिकॉनचा गुळगुळीत रंग. त्यात विष नाही, जीव बसतात पण धड चिकटत नाहीत, वेगात निसटतात. कमी वेगाच्या किंवा सतत थांबणाऱ्या जहाजाला सिलिकॉन द्यायचा म्हणजे पैसे पाण्यात. तिसरी, कडक गुळगुळीत रंग आणि नियमित घासणं. पूर्वी ट्रायब्युटिल टिनचे रंग होते, काम फार चोख करत, पण त्यांनी समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराचे अवयव उगवले आणि फ्रान्समध्ये शिंपल्यांची शेती बुडवली. २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांच्यावर बंदी आली आणि तो करार सप्टेंबर २००८ मध्ये लागू झाला. जुन्या जहाजावर असा थर खाली दडलेला असू शकतो, तेव्हा ब्लास्टिंगची धूळ फुप्फुसात घेऊ नका.

जस्त किती लावायचं

साधा हिशेब. समजा बुडालेलं क्षेत्रफळ ५,००० चौरस मीटर आणि रंगलेल्या पत्र्याला दर चौरस मीटरला १५ मिलिअँपिअर लागतात. म्हणजे ७५ अँपिअर. अडीच वर्षांचे २१,९०० तास. गुणाकार सुमारे १६ लाख ४२ हजार अँपिअर-तास. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू किलोला साधारण २,५०० अँपिअर-तास देतो, जस्त ७८०. ढेकूळ पूर्ण झिजत नाही, ८५ टक्के वापर धरा. ॲल्युमिनियम पावणेआठशे किलोच्या आसपास, जस्त जवळजवळ अडीच टन. म्हणूनच आता ॲल्युमिनियमकडे कल आहे, जरी गोदीतली माणसं त्यालाही 'झिंक'च म्हणतात. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी. खाऱ्या पाण्यात ते फार जोरात चालतं, आणि तेलाच्या टाक्यांमध्ये ठिणगीच्या भीतीने त्याला मनाई आहे.

रंग मारताना ढेकळांवर टेप किंवा कागद लावा आणि पाणी भरण्याआधी तो काढलाय हे स्वतः फिरून बघा. माणूस पाठवू नका, स्वतः जा.

पंखा आणि सी चेस्ट

पंखा निकेल-ॲल्युमिनियम-कांस्याचा असतो आणि तो पोलादाच्या पाठीवर बसलेला तांब्याचा तुकडाच आहे. शाफ्टवरचा अर्थिंगचा ब्रश स्वच्छ आहे ना, पाहा. पात्यांच्या कडेला स्पंजासारखे खड्डे असतील तर ते बुडबुडे फुटण्याचे, गंजाचे नव्हेत. रंग मारून ते थांबत नाहीत. सी चेस्टमध्ये मात्र गंज आणि जीववाढ दोन्ही एकाच जाळीमागे राहतात, आणि परदेशी तपासनीस आधी तिथेच टॉर्च मारतो. न्यूझीलंडने २०१८ पासून बुडाच्या स्वच्छतेची सक्ती केली आहे. त्याला कारण आहे: चिकटून आलेले जीव बंदर बदलून टाकतात. आपल्या विशाखापट्टणमला १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेकडचा एक छोटा पट्टेरी शिंपला असाच पोहोचला आणि गेला नाही.

पाण्यावर परतल्यावर

पोलादाचं पोटेन्शिअल (विद्युतदाब) सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडने मोजतात. असंरक्षित पोलाद उणे ६०० ते ६५० मिलिव्होल्टच्या आसपास असतं. उणे ८०० किंवा त्याहून खाली गेलं की संरक्षण मिळालं. उणे १,१०० च्या पलीकडे मात्र जाऊ देऊ नका, रंग सुटायला लागतो. जस्ताऐवजी गंज रोखायला विजेवर चालणारी यंत्रणा असलेल्या जहाजांवर संदर्भ इलेक्ट्रोड बहुधा जस्ताचा असतो, तिथे आकडे वेगळे दिसतात: २५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी, पण शून्याच्या वर. कोणता इलेक्ट्रोड ते न विचारता आकडा वाचू नका.

पाणबुड्याकडून घासून घ्यायचं ते स्लाइमवर असताना, मऊ ब्रशने. बार्नेकल झाल्यावर कडक ब्रश लागतो, तो रंगही नेतो, आणि पुढच्या थांब्यात तिथे जीव दुप्पट वेगाने बसतात व खाली गंज सुरू होतो. बंदराची परवानगी आधी घ्या, बऱ्याच ठिकाणी पाण्यात घासायला मनाई आहे. घासून झाल्यावर पुन्हा पोटेन्शिअल मोजा: आकडा उणे ८०० च्या दिशेने वर सरकला असेल तर रंगाला जखमा झाल्यात.

या कामात पुढे जायचं असेल तर रंग तपासनिसाचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी नेस म्हणून ओळखली जाणारी संस्था २०२१ पासून एएमपीपी झाली आहे; दुसरी वाट नॉर्वेच्या फ्रोसिओची. नव्या जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांची तपासणी करायला नेसचा दुसरा स्तर किंवा फ्रोसिओचा तिसरा मागतात. फी मोठी आहे, म्हणून आधी एखाद्या गोदीत सहा-आठ महिने मदतनीस म्हणून काढा, मग पैसे भरा. बडोद्यात धातुशास्त्र शिकायचं तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं तंत्रज्ञान विद्याशाखेतलं खातं आहेच, १८९० च्या कलाभवनाची परंपरा सांगणारं. आणि रोजची वही ठेवा: तारीख, वेळ, पत्र्याचं तापमान, दवबिंदू, मिठाचा आकडा, ओली आणि सुकी जाडी, डब्याचा बॅच नंबर. दोन वर्षांनी रंग निघाल्यावर रंग कंपनी, कंत्राटदार आणि मालक तिघेही तेच पान मागतात.